ट्रेस लागत नाही

इंग्रज गेला तो रेल्वे ठेवून गेला, टपाल ठेवून गेला, क्रिकेट ठेवून गेला, असे शाळेच्या पुस्तकापासून आपण ऐकत आलो. पण जाताना त्याने कचेरीच्या कपाटावर एक लहानशी वस्तू ठेवली, तिची नोंद कुठल्याच इतिहासकाराने घेतलेली नाही. ती वस्तू म्हणजे ‘ट्रेस’ हा शब्द. चार-पाच टक्क्यांनी वाढणारा महागाई भत्ता आणि हा शब्द, एवढ्या दोन गोष्टींवर भारतातला कारकून उभा आहे, असे माझे नम्र मत आहे.

‘फाइल हरवली’ असे म्हणून पाहा. लगेच प्रश्न येतो, कोणी हरवली? म्हणजे कोणीतरी दोषी, मेमो, चौकशी, सगळे ओघाने आलेच. तेच ‘फाइल ट्रेस होत नाही’ म्हणा. इथे कर्ताच नाही. फाइल आहे, ती कुठेतरी सुखरूप आहे, फक्त तिचा आणि आपला सध्या योग येत नाही. शाळेत आपल्याला कर्तरी, कर्मणी आणि भावे असे तीन प्रयोग शिकवले. चौथा राहिला, तो म्हणजे कचेरी प्रयोग.

आमच्या पनवेलच्या शाखेत हा शब्द दिवसातून किमान वीस वेळा उच्चारला जातो. पैसे निघाले पण पोचले नाहीत, की ‘ट्रेस करायला टाकलंय’. समोरचा शेतकरी म्हातारा काउंटरवर हात टेकून विचारतो, “सायब, पैसं गेलं कुटं?” यावर खरे उत्तर ‘मला ठाऊक नाही’ हे आहे. पण ‘ट्रेस करतोय काका’ म्हटले की म्हातारा समजुतीने मान डोलावतो आणि बाकावर जाऊन बसतो. एका शब्दाने एवढे काम दुसऱ्या कुठल्या भाषेत होत असेल असे वाटत नाही.

असा उपकारकर्ता शब्द मुळात कुठल्या घरचा, याची चौकशी करणे आपले कर्तव्यच आहे. ती मी केली. मूळ घराणे लॅटिन. ‘त्राहेरे’ नावाचे एक क्रियापद होते, अर्थ ‘ओढणे’. त्याला झालेली प्रजा पाहून छाती दडपते. शेतात नांगर ओढतो तो ट्रॅक्टर. डबे ओढते ती ट्रेन. दोघांना एकत्र ओढून बांधते ते कॉन्ट्रॅक्ट. मन ओढून घेते ते अट्रॅक्शन आणि कामावरून ओढून नेते ते डिस्ट्रॅक्शन. बाहेर ओढून काढलेला तो एक्स्ट्रॅक्ट. बाजूला ओढून ठेवलेला तो अॅब्स्ट्रॅक्ट. आणि जमिनीवर काही ओढत नेले की जी रेघ उमटते, ती फ्रेंचांच्या घरी वाढून इंग्रजांकडे आली, तोच आपला ट्रेस. ट्रॅक हा मात्र बहुधा या घराण्यातला नव्हे. आडनाव सारखे वाटते, पण गोत्र वेगळे. पुण्यातल्या दोन जोशांसारखे.

म्हणजे माग काढणे, उतारा देणे आणि सारांश काढणे ही तिन्ही कामे एकाच बापाची पोरे निघाली. पण भावाभावांत असते तसेच यांचेही आहे. चेहरा एक आणि स्वभाव उलटे. ट्रेस मागे मागे चालत जातो. अॅब्स्ट्रॅक्ट जागेवर बसून ठरवतो, हे ठेवा आणि ते टाका. इतिहास म्हणून आपण जे वाचतो ते बहुतेक वेळा या दुसऱ्या भावाचे काम असते.

आपल्याकडे ट्रेसचे काम करणारा शब्द इंग्रज येण्याच्या कितीतरी आधीपासून होता. तो म्हणजे ‘माग’. आणि नुसता शब्द नव्हता, तर तो चालवणारी माणसेही होती. देशावर गावोगावी रामोशी रखवालीला असत. चोरी झाली की रामोशी पावलांचा माग काढत निघे. माग पुढच्या गावाच्या शिवेत शिरला, की तो उचलण्याची जबाबदारी त्या गावच्या रखवालदाराची. त्याने तो पुढे नेऊन दाखवला तर ठीक, नाहीतर चोरीची भरपाई त्या गावाच्या डोक्यावर. पद्धत वाचताना मला हसू आले, कारण आमच्या हेड ऑफिसचा सगळा पत्रव्यवहार याच तत्त्वावर चालतो. माग काढत काढत तो दुसऱ्या डिपार्टमेंटच्या शिवेत नेऊन सोडला, की आपण सुटलो. फक्त भरपाईचे कलम तेवढे मधल्या काळात गळाले.

आता गंमत अशी की या माग काढणाऱ्यांचीच फौज हाताशी धरून सरकारला महिनोन्‌महिने माग लागू न देणारा माणूस आमच्या पनवेलच्या कुशीतला. पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागले की कर्नाळ्याच्या अलीकडे शिरढोण लागते. तिथे ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके जन्मले. आद्य क्रांतिकारक म्हणून त्यांना सगळे ओळखतात. पण ते व्यवसायाने कोण होते, हे विचारले तर दहांतले आठजण गप्प बसतात. फडके कारकून होते. पुण्याला लष्कराच्या हिशेब खात्यात त्यांनी वर्षानुवर्षे नोकरी केली. हे वाचले त्या दिवसापासून मी आमच्या शाखेतल्या प्रत्येक गरीब दिसणाऱ्या सहकाऱ्याकडे थोड्या आदराने पाहतो.

शिरढोणला आई आजारी पडली. फडक्यांनी रजा मागितली. ती वेळेवर मिळाली नाही. अखेर ते गावी पोचले तेव्हा आई गेलेली होती. हे १८७० चे. पुढच्या वर्षी वर्षश्राद्धालाही रजा नाकारली गेली, असे त्यांच्या चरित्रात येते. साम्राज्ये का कोसळतात यावर मोठमोठे ग्रंथ आहेत. त्यांत रजेच्या अर्जाचे एक प्रकरण असायला हवे होते. अर्थात फडक्यांचे बंड केवळ रजेचे नव्हते. १८७६ पासून दख्खनमध्ये भयानक दुष्काळ पडला. माणसे अन्नावाचून मेली आणि फडक्यांनी ते हिंडून पाहिले. हिशेब खात्यातल्या माणसाला आकडे वाचता येतात. आकड्यांच्या मागची माणसेही ज्याला दिसली, त्याने खुर्ची सोडली.

२३ फेब्रुवारी १८७९ ला पुणे जिल्ह्यातल्या धामारीवर पहिला छापा पडला. बरोबर होते ते रामोशी. त्याच वर्षी मे महिन्यात दौलतराव नाईक हे त्यांचे सहकारी कोकणात उतरले आणि त्यांनी पळस्प्यावर छापा घातला. हो, तेच पळस्पे, जिथल्या फाट्यावर आपण आज गाडीची वाट बघत उभे राहतो. परतताना मेजर डॅनियलच्या तुकडीशी चकमक होऊन दौलतराव मारले गेले. सरकारने फडक्यांवर इनाम लावले, तेव्हा फडक्यांनी उलट गव्हर्नरच्या डोक्यावर इनाम लावले. जमेच्या बाजूला जेवढी रक्कम, तेवढी खर्चाच्या बाजूला दाखवल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही, हे खात्यातले शिक्षण असे उपयोगी पडले.

शेवटी २० जुलै १८७९ ला पहाटे, विजापूरकडच्या मुलखात देवर नावडगीला, तापाने फणफणलेले फडके डॅनियलच्या हाती लागले. सरकारी भाषेत ट्रेस झाले. त्यांच्याजवळ त्यांनी स्वतः लिहिलेले आत्मचरित्र आणि रोजनिशी सापडली. कारकून तो कारकून. डोंगरातून पळतानाही नोंदी ठेवणे सुटले नाही. त्याच कागदांचे इंग्रजी भाषांतर होऊन ते खटल्यात त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून उभे राहिले. बचावाला सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी उभे होते. जन्मठेप झाली आणि फडक्यांना एडनला धाडले. तिथूनही तुरुंगाचे दार बिजागऱ्यांसकट काढून ते एकदा निसटले, पुन्हा पकडले गेले आणि १७ फेब्रुवारी १८८३ ला वारले.

आता यात अॅब्स्ट्रॅक्टभाऊंची करामत पाहा. १८७९ साली सरकारी गोषवाऱ्यात या माणसाच्या नावापुढे ‘दरोडेखोर’ असे लिहिले होते. १९८४ साली सरकारनेच त्यांच्या नावाने टपालाचे तिकीट काढले. माणूस तोच, कृत्ये तीच, रोजनिशीही तीच. बदलला तो एका शब्दातला सारांश. ट्रेस कायम राहिला म्हणून सारांश दुरुस्त करता आला. रोजनिशी त्याच वेळी चुलीत गेली असती, तर पहिला शेराच कायम झाला असता.

‘गोषवारा’ हा शब्द वर सहज लिहून गेलो, पण तोही काही साधा माणूस नाही. आम्ही बँकवाले याला इंग्रजी अॅब्स्ट्रॅक्टचा मराठी अनुवाद समजतो. खरे तर हा फारसीतून आला. ‘गोश’ म्हणजे कान. गोशमाली म्हणजे कान उपटणे, ती परंपरा आपण मनापासून जपली आहे. आणि ‘गोशवारा’ म्हणजे कानातला डूल. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ हिशेबाचा सारांश. हिशेबाचा आणि डुलाचा काय संबंध? मला विचाराल तर उघड आहे. हिशेब हा बैलासारखा अगडबंब असतो, तो दरबारात कोण आणणार? म्हणून त्याच्या कानातला डूल तेवढा चमकवायचा. पेशवाईतल्या वजनदार कारभाऱ्याच्या कानात भिकबाळी आणि हातात गोषवारा, दोन्ही एकाच जातीचे दागिने.

शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकानंतर रघुनाथपंत हणमंत्यांच्या देखरेखीखाली राजव्यवहारकोश करवून घेतला. तेराशेंच्या वर फारसी-अरबी शब्दांना त्यात संस्कृत पर्याय दिले. तरी पुढच्या काळात कारकुनांच्या लेखणीतून फारसी काही गेली नाही. कारकुनाला नवा शब्द शिकवणे, हे राज्य स्थापन करण्यापेक्षा अवघड काम आहे. १८५७ साली मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा गोषवारा त्यात मजेत बसलेला होता. आज १ तारखेला पगाराची फाइल निघते तेव्हाही तो तिथेच बसलेला असतो.

गोषवाऱ्याला मर्यादा काय पडतात, ते पुण्याच्या पेशवे दफ्तरात दिसते. मोडीतले कोट्यवधी कागद तिथे गाठोडी बांधून ठेवलेले आहेत. या गाठोड्यांना ‘रुमाल’ म्हणतात. गोविंद सखाराम सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात त्यातले निवडक कागद छापले, तर त्याचे पंचेचाळीस खंड झाले. पंचेचाळीस खंड आणि त्याला नाव ‘निवड’. उरलेल्या रुमालांत काय आहे? कुणाचे कर्ज, कुणाची तक्रार, कुणाच्या म्हशीचा तंटा. इतिहासाच्या गोषवाऱ्यात म्हैस बसत नाही. पण ज्याची म्हैस, त्याच्या दृष्टीने पानिपत तेच.

रुमालावरून आठवले. ट्रेसचा आणखी एक अर्थ आहे, तो नकाशावाल्यांचा. मूळ नकाशावर पारदर्शक कापड किंवा कागद ठेवून त्याबरहुकूम रेघ गिरवायची. सरकारी खात्यात यासाठी ट्रेसर नावाचे पदच असे. मराठी राजभाषा झाल्यावर त्याचे बारसे झाले आणि तो ‘अनुरेखक’ झाला. पगार तोच राहिला, पण लग्नाच्या बाजारात वजन वाढले असावे. पूर्वी या कामाला ट्रेसिंग क्लॉथ वापरत. तलम सुती कापड आणि त्यावर खळीचा लेप. त्याला पाणी लागले की खेळ खलास. पण नकाशा निरुपयोगी झाला की तेच कापड धुऊन खळ काढत आणि त्याचा सुरेख रुमाल होई. आराखडे काढणाऱ्यांचा हा जगभरचा उद्योग होता. तिकडे रुमालात इतिहास बांधला, इकडे नकाशाचाच रुमाल झाला. पुलाच्या आराखड्याला नाक पुसणारा माणूस आपल्या आधी होऊन गेला आहे, हे लक्षात असलेले बरे.

आता तिसरा भाऊ, एक्स्ट्रॅक्ट. याला मराठीत ‘उतारा’ म्हणतात आणि शब्द मोठा मार्मिक आहे. विष उतरवते तो उतारा. आजारी माणसावरून ओवाळून तिठ्यावर ठेवतात तोही उतारा, भात आणि लिंबू. आणि तलाठ्याकडून आणतात तोही उतारा, सातबाराचा. गाव नमुना सात म्हणजे जमिनीवरच्या हक्कांची नोंद आणि बारा म्हणजे पिकांची. दोन्ही एकाच कागदावर आले म्हणून सातबारा. पहिल्या दोन उताऱ्यांना ओलांडून जाऊ नये म्हणतात. तिसऱ्याच्या वाटेला तर सहसा कोणी जात नाही, पण कर्ज हवे असले तर इलाज नसतो.

कर्जाच्या निमित्ताने माझ्या हाताखालून शेकडो सातबारे गेले आहेत. हा कागद वाचायची एक युक्ती आहे. वर दिसते ते आजच्या मालकाचे नाव. तो झाला गोषवारा. पण नावाशेजारी बारीक वर्तुळात आकडे असतात, ते फेरफाराचे क्रमांक. तो क्रमांक घेऊन गाव नमुना सहामध्ये जायचे, की तिथे बाप मेल्याची, भाऊ वाटून निघाल्याची, बहिणीने हक्क सोडल्याची हकिकत सापडते. तिथून आणखी मागच्या फेरफाराला. हा झाला ट्रेस. आणि ज्याचा हक्क गेला त्याचे नाव कागदावर कंसात जाते. पूर्वी तर खोडत नसत, नुसता कंस करत. महाराष्ट्राच्या महसूल खात्याएवढा सभ्य निरोप दुसरे कोणी देत नसेल.

आमच्या पनवेलच्या आसपास कंसात गेलेल्यांची संख्या फार आहे. १९७० साली सिडको स्थापन झाली. नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतल्या पंच्याण्णव गावांच्या जमिनी घ्यायचे ठरले. भातशेती, मिठागरे, खाडीकाठ, सगळ्याचा गोषवारा एका ओळीत झाला. भूसंपादन, इतके हेक्टर. मोबदल्यावरून लोक पेटले. १९८४ च्या जानेवारीत १६ आणि १७ तारखेला उरण भागात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झाले, पोलिसांच्या गोळीबारात पाचजण गेले. त्यानंतर संपादन झालेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली.

ही योजना म्हणजे ट्रेसची खरी परीक्षा. कागदावर नाव आजोबांचे, तेही कंसात. आजोबांना दोन बायका, सात मुले. त्यांतली तीन परागंदा. एका मुलीचे नाव माहेरी एक आणि सासरी दुसरे. भूखंड हवा असेल तर हे सगळे ओढत ओढत आजपर्यंत आणून दाखवायचे. वारस दाखला, मृत्यू दाखला, शाळेचा दाखला. ज्या घरात जुनी पत्र्याची ट्रंक होती आणि तिच्यात पावत्या जपून ठेवणारी आजी होती, त्या घराला भूखंड लवकर मिळाला. जिथे आजीने त्या कागदांत पापड गुंडाळले, ते घर अजून खेपा घालते आहे. मूल्यवान कागद कुठला हे आधी कळत नाही, त्यामुळे आजीलाही दोष देता येत नाही. गोषवारा करणाऱ्याला वाटते, एवढे बस्स झाले. हक्क मागणाऱ्याला नेमका गाळलेला तपशील लागतो.

त्याच भागात आता विमानतळ झाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. त्यासाठी उलव्याची नव्वद मीटरच्या आसपास उंचीची टेकडी कापली, उलवे नदीचा प्रवाह वळवला आणि उलवे, तरघर, कोंबडभुजे, कोल्ही, कोपर, चिंचपाडा, गणेशपुरी अशी गावे उठून दुसरीकडे गेली. प्रवाशाच्या तिकिटावर या सगळ्याचा गोषवारा तीन इंग्रजी अक्षरांत होतो. त्याने तो तसाच घ्यावा, त्याला विमान गाठायचे आहे. पण आमच्या काउंटरवर त्या गावांतली माणसे अजून पत्ता सांगताना आधी जुन्या गावाचे नाव सांगतात, मग जरा थांबून नव्या सेक्टरचा नंबर. कॉम्प्युटरच्या रकान्यात एकच पत्ता बसतो.

माझा सारांशाशी वैर असल्याचा गैरसमज होऊ नये. मी त्याच्यावरच जेवतो. संध्याकाळी पाच वाजता दिवसभराच्या व्यवहारांचा गोषवारा जुळला नाही तर घरी जाता येत नाही. आयुष्यभर सगळाच तपशील जवळ बाळगणाऱ्या माणसाला आपण साधारणपणे येरवड्याला पाठवतो. माझे म्हणणे एवढेच आहे की गोषवाऱ्याच्या शेजारी ते बारीक वर्तुळातले आकडे राहू द्यावेत. मागे जायची वाट बुजवू नये. मग आज कोणी दरोडेखोर लिहो, उद्या कोणी क्रांतिकारक लिहो, परवा कोणाला खरे काय ते पाहायचे झाले, तर त्याला चालत जाता येईल.

एरवी आमच्यासारख्यांकडे उत्तर तयार असतेच. फार नम्रपणे, डोळ्यांवरचा चष्मा किंचित खाली घेऊन, कुणालाही दोष न देता आम्ही सांगू, की साहेब, तुमचा इतिहास होता इथेच, पण सध्या ट्रेस होत नाही. पुढच्या आठवड्यात येऊन जा.